दगडी इमारतीतल्या मोडी रुमालांना (कापडात बांधलेल्या मोडी लिपीतल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांना) पावसाळ्यात बुरशी येते, एसी लावावा का?

दिवसा चालू, रात्री बंद असा एसी असेल तर नकोच. बंद केल्यावर दमट हवा आत शिरते आणि गार पडलेल्या भिंतीवर, कपाटावर पाणी धरते. त्यापेक्षा कपाटामागे आर्द्रतामापक ठेवा, खोलीच्या मधोमध नको. आकडा 65 टक्क्यांवर टिकून राहिला की बुरशीला वाव मिळतो. म्हणून डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा काढणारं यंत्र) 55 ते 60 टक्क्यांवर लावा, आणि त्याचं पाणी नळीने थेट मोरीत सोडा. टाकी भरली की यंत्र आपोआप बंद पडतं, नेमकं सुट्टीच्या दिवशी.

जुलैत 'हवा खेळावी' म्हणून खिडक्या उघडणं ही सर्रास होणारी चूक. बाहेर 28 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा 25 अंशाच्या दगडाला लागताच दवबिंदू गाठते, म्हणजे तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं.

ओल मुळात कुठून येते ते बघा. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट असेल तर ओल आतच कोंडते. तो काढून चुन्याचाच गिलावा करा. पन्हळी मे महिन्यातच साफ हव्यात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला होता. जुन्या पन्हळी असल्या पावसासाठी बांधलेल्याच नाहीत. कपाटं भिंतीपासून आणि जमिनीपासून वीतभर दूर ठेवा.

रुमाल भिजलाच तर 48 तासांत सुकवायला घ्या: पंख्याची हवा, खाली टिपकागद. ऊन नको. चिकटलेली पानं ओढू नका. डांबरगोळ्यांनी बुरशी मरत नाही.