मेल सर्व्हरवर डीएसटीचा घोळ: घड्याळाला हात लावण्याआधी हेडर वाचा

तुमची अडचण मला समजली ती अशी. न्यूयॉर्कच्या कार्यालयासाठी लिनक्सवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स सांभाळणारा) चालतं, सोबत पीएचपी भाषेत लिहिलेलं वेबमेल आणि कॅलेंडर आहे. मार्चमध्ये डीएसटी, म्हणजे उन्हाळ्यापुरती तासभर पुढची वेळ, लागू होऊन घड्याळं पुढे गेल्यापासून वेबमेलमध्ये प्रत्येक मेल तासभर आधीचा दिसतो, फोनवर मात्र वेळ बरोबर येते आणि दर आठवड्याच्या काही बैठका एक तास सरकल्यात. म्हणून सर्व्हरचं घड्याळच एक तास पुढे करावं का, असं विचारलंय.

अजिबात करू नका. बाकी काही आज जमलं नाही तरी चालेल.

सर्व्हर आतल्या आत यूटीसीप्रमाणे (जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेप्रमाणे) सेकंद मोजत असतो आणि त्या मोजणीचा डीएसटीशी काही संबंध नसतो. मार्चचा दुसरा रविवार आला की न्यूयॉर्कचा यूटीसीशी असलेला फरक उणे पाचवरून उणे चार तास होतो, एवढंच. हा नियम टाइमझोनच्या तक्त्यात लिहिलेला असतो. त्यामुळे अशी तक्रार आली की कुठल्यातरी थरात तक्ता जुना आहे किंवा झोन चुकीचा निवडलाय, असं धरून चालायचं. घड्याळ ढकललंत तर वेबमेल वरवर बरोबर दिसेल, पण बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलवर तासभर पुढची वेळ पडेल. कर्बरॉस ही लॉगिन पडताळणारी यंत्रणा वापरत असाल तर लॉगिन अडेल, कारण तिथे साधारणपणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. दर ३० सेकंदांनी बदलणारे ओटीपीही जुळणार नाहीत. वर एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सेवा, चालू असेल तर ते घड्याळ परत मागे खेचू शकतं, आणि वेळ मागे गेलेली डव्हकॉटला मुळीच चालत नाही. त्याच्या जुन्या आवृत्त्या तर अशा वेळी सरळ बंद पडायच्या.

म्हणून सगळ्यात आधी डव्हकॉटचा लॉग चाळा. वेळ मागे गेल्याची ओळ तिथे सापडली तर कुणीतरी आधीच घड्याळ हलवलंय, नाहीतर व्हर्च्युअल मशीनवर होस्ट (ते चालवणारं मूळ यंत्र) आपली वेळ लादतोय. नुसत्या डीएसटीमुळे ती ओळ येत नाही.

मग एका ताज्या मेलचा पूर्ण हेडर, म्हणजे मेलच्या वरच्या तांत्रिक नोंदी, उघडा. रिसीव्हड ओळीच्या शेवटी वेळ असते आणि तिला चिकटून यूटीसीपासूनचा फरक. समजा, मेल न्यूयॉर्कच्या १०:४० ला आला. तिथे १०:४० आणि -०४०० असेल तर पोस्टफिक्सचं काम चोख आहे. ०९:४० आणि -०५०० असेल तर क्षण तोच आहे, फक्त हिवाळ्याच्या नियमाने लिहिलाय. मेल क्लायंट दोन्ही आकडे मिळून हिशेब करतो, म्हणून फोनवर वेळ बरोबरच दिसणार. पण ०९:४० आणि -०४०० दिसलं तर घड्याळ खरोखर चुकलंय, आणि ते एनटीपीने दुरुस्त करायचं, हाताने नाही.

तुमचा फोन बरोबर दाखवतोय, म्हणजे तुम्ही पहिल्या दोहोंपैकी एकात आहात.

-०५०० दिसलं तर टाइमडेटसीटीएल ही कमांड चालवून झोनचं नाव बघा. 'ईएसटी' असेल तर दोष सापडला. तो वर्षभर उणे पाचवरच अडून राहणारा झोन आहे, त्याला डीएसटी नाहीच. 'अमेरिका/न्यूयॉर्क' लावा. नाव बरोबर असेल तर पोस्टफिक्सच्या क्रूटकडे (त्याला बंदिस्त ठेवणाऱ्या वेगळ्या फोल्डरकडे) वळा. त्याच्या स्पूल फोल्डरमध्ये ईटीसीखाली लोकलटाइम फाइलची वेगळी प्रत असू शकते. मुख्य फाइल बदलली तरी ही प्रत जुनीच राहते, आणि कितीही शोधलं तरी दोष हाती लागत नाही तो बहुतेक वेळा इथे असतो. प्रत नव्याने टाका आणि सेवा रीस्टार्ट करा. आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला नवा झोन आपोआप कळेल याच्या भरवशावर राहू नका. सर्व्हर कंटेनरमध्ये चालत असेल तर आत टीझेडडेटा (झोनच्या तक्त्यांचं) पॅकेज आहे ना, तेही बघा. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या मूळ इमेजमध्ये ते नसतं, मग झोनचं नाव देऊनही सगळं गुपचूप यूटीसीवर चालतं.

-०४०० दिसलं तर वेबमेल आणि पीएचपी तपासा. तुमची लक्षणं पाहता मला इथलाच संशय जास्त आहे. पीएचपीच्या आयएनआय फाइलमधला टाइमझोन बघा, आणि वेबमेलमध्ये वापरकर्त्याच्या पसंतीत झोनच्या नावाऐवजी नुसता 'उणे पाच' असा ठोक आकडा ठेवलाय का तेही. पीएचपी आणि जावा यांच्यासोबत त्यांचे स्वतःचे तक्ते येतात, मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ते वेगळे भरावे लागतात, त्यामुळे फक्त ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत करून भागतंच असं नाही. अर्थात अमेरिकेचे सध्याचे नियम २००७ पासून तेच आहेत. त्याआधी डीएसटी एप्रिलच्या पहिल्या रविवारी सुरू व्हायचा. तेव्हा तक्ता इतका जुना असण्यापेक्षा सेटिंग चुकलेलं असण्याचीच शक्यता जास्त. मेक्सिकोत शाखा असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक भागांत २०२२ मध्ये डीएसटी बंद झाला, आणि जुना तक्ता दर उन्हाळ्यात तासभर चुकणार.

बैठकांचं प्रकरण यापासून वेगळं ठेवा. सरकलेल्या बैठका कुणी ठरवल्या होत्या? युरोपातून आलेल्या असतील तर बहुधा काहीच बिघडलेलं नाही. युरोपात घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात, तोवर न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पाचऐवजी चारच तासांचं अंतर राहतं. लंडनची बैठक लंडनच्या वेळेलाच होणार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हेच पुन्हा होतं. आपल्याच कार्यालयातल्या बैठका सरकल्या असतील तर आमंत्रणाची आयसीएस फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. डीटीस्टार्टच्या (बैठक सुरू होण्याच्या) वेळेमागे 'झेड' अक्षर असेल तर ती आवर्ती बैठक यूटीसीला बांधलीय आणि दर डीएसटीला सरकणारच. तिथे टीझेडआयडी या झोनच्या नोंदीसह न्यूयॉर्कचा झोन हवा. टीझेडआयडी बरोबर असूनही वेळ चुकत असेल तर त्याच फाइलमधला व्हीटाइमझोनचा, म्हणजे झोनच्या नियमांचा, भाग वाचा, कधीकधी जुना क्लायंट तिथे एप्रिलचा नियम लिहून पाठवतो.

अशी बैठक जिने ठरवली त्या व्यक्तीनेच रद्द करून नव्याने पाठवायची. सगळ्या नोंदी एक तास ढकलणारी स्क्रिप्ट चालवण्याचा मोह होईल, पण तिने बरोबर असलेल्या बैठकाही बिघडतात, आणि आयोजकाकडून पुढचा बदल आला की तुमची दुरुस्ती पुसली जाते.

नोव्हेंबरच्या आत आणखी एक काम उरका. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या सेवेत) रात्री १ ते ३ च्या दरम्यान ठेवलेले बॅकअप आणि सफाईची कामं दुसऱ्या वेळेला हलवा. घड्याळं बदलतात त्या रात्री मार्चमध्ये २ ते ३ हा तास येतच नाही आणि नोव्हेंबरमध्ये १ ते २ दोनदा येतो. मी स्वतः मेल सर्व्हर यूटीसीवरच ठेवतो आणि झोन प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये देतो. लॉगमध्ये एकच तास दोनदा येत नाही, आणि हरवलेला मेल त्या रात्रीचा असला तरी शोधता येतो.