आजोबांचं जुनं नाव बाळाला ठेवलं तर शाळेत चिडवतील का?

मी समुपदेशन करते. दारातून आत येता येताच एका आईने विचारलं, मॅडम, बाळाच्या नावावरून भांडण झालं म्हणून कोणी तुमच्याकडे येतं का हो, की आम्हीच पहिले? म्हटलं येतात, बरेच येतात, तू बस आधी. मांडीवर दोन महिन्यांचं बाळ, त्याला अजून नाव नाही, घरात सगळे नुसतं बाळ बाळ करतायत आणि नावाचा विषय निघाला की कोणीतरी उठून आत जातं. (घरच्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, आजोबांचं नाव पण.)

तर झालं असं की बाळाचे आजोबा, सदाशिव, बाळ व्हायच्या सात महिने आधी अचानक गेले. मुलगा झाला म्हटल्यावर नातेवाईकांचं सुरू, तेच परत आलेत, नाव तेच ठेवा. हिच्या मोबाईलमध्ये पस्तीस नावांची यादी, सगळी दोन-तीन अक्षरी, आणि सदाशिव म्हटलं की हिच्या पोटात गोळा. म्हणाली, शाळेत पोरं सद्या म्हणतील, सदू म्हणतील, कोणीतरी सदाशिव पेठ करून टाकेल, शिवाय आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव पण लागतं, म्हणजे सदाशिव, मग माझं, मग ह्यांचं, मग आडनाव, फॉर्मच्या चौकटीत मावणार तरी आहे का? आणि हा सगळा सासूबाईंचा हट्ट आहे, असं ती म्हणाली. नवरा शेजारी मोबाईल उलटा-सुलटा करत बसलेला, त्याचं एकच वाक्य, मला काहीही चालेल.

आधी घाईचं टेन्शन काढलं. 21 दिवसांत लागते ती जन्माची नोंद, आणि ती त्यांनी केली होती. नाव नंतर टाकता येतं, एक वर्षाच्या आत काही फी नाही, पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. मात्र 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून लायसन्सपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा म्हणून चालतो, त्यामुळे जे टाकाल ते एकदाच नीट ठरवून टाका, म्हणजे पुढे दुरुस्तीच्या चकरा नकोत.

आता चिडवण्याचं. माझ्याकडे शाळकरी मुलं येतात, नावावरून चिडवलं म्हणून रडणारी पण येतात, आणि त्यात जुन्या नावाची फारच थोडी असतात. एका वर्गात तीन आरव असले की एक जाडा आरव होतो, एक चष्म्याचा आरव होतो, आणि ते कितीतरी जास्त लागतं मुलांना. मुलं यमक जुळवतातच, कुठल्याही नावाचं जुळवतात. ते किती लागतं हे घरात ते नाव कोणत्या आवाजात घेतलं जातं ह्यावर ठरतं असा माझा अनुभव आहे. आई प्रत्येक पाहुण्यासमोर "आजोबांचं होतं ना म्हणून ठेवावं लागलं हो" असं म्हणत असेल तर चार वर्षांच्या पोराला बरोबर कळतं की आपल्या नावात काहीतरी गडबड आहे, मग शाळेत कोणी नुसतं हसलं तरी ते मनाला लावून घेतं. एरवी माणसाला आपलं नाव आवडायलाच लागतं, इतकं की नुटिन नावाच्या बेल्जियन मानसशास्त्रज्ञाने 1985 मध्ये दाखवलं होतं की माणसांना स्वतःच्या नावातली अक्षरं सुद्धा बाकीच्या अक्षरांपेक्षा जास्त आवडतात.

आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर जुनी नावं परत यावीत असं मला मनापासून वाटतं. केशव आणि माधव तर आलेच आहेत, मुकुंद, अनंत, यशवंत, रघुनाथ ही पण यावीत, म्हणायला सोपी, अर्थ सांगायला नेट उघडावं लागत नाही, आणि सदाशिव म्हणजे सदा मंगल, ह्याहून चांगलं काय मागायचं बाळासाठी? पण सरसकट सगळी नकोत. दगडू, केरू, भिकू ही नावं लोकांनी आवडीने ठेवली नव्हती, आधीची मुलं जगत नव्हती म्हणून हे तरी वाचावं, ह्याच्याकडे कोणाची दृष्ट जाऊ नये म्हणून मुद्दाम टाकाऊ वाटेल असं नाव ठेवायचे. त्या नावात आईची भीती आहे, ती परत आणायची काय गरज? (धोंडो हे नाव पण त्याच जातकुळीतलं, आणि धोंडो केशव कर्वे 104 वर्षं जगले, 1958 ला भारतरत्न झाले, म्हणजे नावाने माणूस अडत नाही हेही खरंच.)

दुसऱ्या सेशनला मी सासूबाईंना बोलावलं. आल्या, कोपऱ्यातली खुर्ची घेतली, पदर सारखा करत बसल्या. मी तिघांना एक साधी गोष्ट करायला सांगितली, जी मी नावाच्या प्रत्येक केसमध्ये करते. म्हटलं बाळ पाच वर्षांचं झालंय, खाली खेळतंय, अंधार पडलाय, त्याला वर बोलवा, सदाशिव म्हणून जोरात हाक मारा. सुनेने मारली, थोडी चिडून का होईना पण मारली. काकूंना म्हटलं आता तुम्ही. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं. मग म्हणाल्या, "मला नाही जमणार. बेचाळीस वर्षं संसार केला, उखाण्यात घेतलं असेल तेवढंच नाव, नाहीतर अहो. आता ह्या लेकराने अंगावर शू केली की सदाशिवा मेल्या काय केलंस म्हणू का मी?" आणि मग सुनेकडे वळून, "मी कधी म्हटलं गं हे नाव ठेवा म्हणून? मला वाटलं तुलाच ठेवायचंय, लोक काय म्हणतील म्हणून."

खोलीत कोणीच काही बोलेना. मग दोघी एकदमच त्याच्याकडे बघायला लागल्या.

त्याचा मोबाईल थांबला होता. बराच वेळ गेला आणि मग खाली बघतच बोलला, बाबांना माहीतच नव्हतं. आम्हाला बुधवारी कळलं की बाळ होणार आहे, मी म्हटलं फोनवर नको, रविवारी घरी जाऊन सांगू. ते शुक्रवारी गेले.

नऊ महिने त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोला सुद्धा नाही. रविवारपर्यंत थांबायचं त्याने ठरवलं होतं ना, म्हणून. मला काहीही चालेल म्हणणारा माणूसच नातेवाईकांकडे हळूच सदाशिव सदाशिव करत होता आणि आळ आईवर येत होता.

त्याच्याशी पुढचे चार सेशन एकट्याशी केले. त्याला एकच सांगितलं की नाव कुठलंही ठेव, पण तुझं राहून गेलेलं बोलणं ह्या बाळाने पूर्ण करायचं असं नको, तेवढ्याशा जिवाला ते पेलणार नाही. जे रविवारी सांगायचं होतं ते बाबांना कागदावर लिही. त्याने लिहिलं, अडीच पानं, शेवटी शेवटी अक्षर लागत नाही.

नावाचा निर्णय मी त्यांच्यावरच सोडला, फक्त तिला म्हटलं, चिडवण्याची भीती घटकाभर बाजूला ठेव, हे नाव कुणा अनोळखी मुलाचं असतं तर कानाला कसं वाटलं असतं? आणि काकूंची अडचण तर आपल्याकडे फार जुनी आहे, तिचा तोडगा पण जुनाच. पेशव्यांच्यात बाळाजी विश्वनाथांच्या नातवाचं नाव बाळाजीच, पण आपण त्यांना ओळखतो नानासाहेब म्हणून. नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं आणि नवऱ्याचं नाव बायकोने, सासऱ्यांचं सुनेने घ्यायचं नाही, म्हणून कितीतरी घरांत पोरं नाना, बापू, अण्णा म्हणूनच वाढली, खरं नाव शाळेत घालताना बाहेर यायचं.

सहा-सात महिन्यांनी तिचा फोन आला, खरं तर दुसऱ्याच कामासाठी, तिच्या मैत्रिणीला माझा नंबर द्यायचा होता. बोलता बोलता मध्येच ओरडली, "सदू, ते तोंडात नाही घालायचं, दे इकडे!" मी म्हटलं, सदू? तर म्हणाली, हो ना, शाळेतल्या पोरांनी म्हणायच्या आधी म्हटलं आपणच म्हणून घेऊ, आता तोंडात बसलंय, आणि गोड वाटतं हो. दाखल्यावर पूर्ण सदाशिव आहे, चौकटीत मावलं. म्हटलं आणि काकू काय म्हणतात? त्या नानाच म्हणतात, म्हणाली, आणि तो दोन्ही हाकांना बघतो.