दिवा लागला, पण टिकेल का? : वाचकांचे ऊर्जाप्रश्न

‘सर्वांसाठी स्वच्छ ऊर्जा’ या गेल्या अंकातल्या लेखावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : २०२३ अखेर जगात ६६ कोटींहून अधिक लोकांकडे वीज नव्हती, असं तुम्ही लिहिलंत. पण ‘वीज आहे’ हे ठरवतं कोण? आमच्या गावात खांब आधी आला आणि घरात बल्ब लागला तो कितीतरी वर्षांनी. (नौपाडा, ठाणे)

खांब मोजायचे की घरं, हा घोळ जुनाच आहे. आपल्याकडच्या २००४ च्या व्याख्येप्रमाणे शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागी आणि गावातल्या १० टक्के घरांत वीज आली की अख्खं गाव विद्युतीकृत धरलं जाई. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधलं लेइसांग जोडलं गेलं आणि देशातली सगळी गावं कागदावर उजळली. घरांचं काम तेव्हा चालूच होतं. घरोघरी जोडणी देणाऱ्या केंद्राच्या सौभाग्य योजनेखाली मार्च २०२२ पर्यंत २ कोटी ८६ लाख घरं जोडली गेली.

‘आहे की नाही’ एवढंच विचारून भागत नाही, म्हणून जागतिक बँकेच्या ईस्मॅप कार्यक्रमाने २०१५ मध्ये ० ते ५ अशा पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीला दिवसाला १२ वॅट-तास वीज लागते, तीही चार तास, आणि त्यातला किमान एक तास संध्याकाळचा. दुसरीला २०० वॅट-तास, तिसरीला १ युनिट (म्हणजे १,००० वॅट-तास), तर पाचवीला दिवसाला ८.२ युनिट आणि २३ तास पुरवठा. तुमच्या टू-बीएचकेचं बिल महिन्याला २४० युनिटचं येत असेल तर दिवसाला ८ युनिट झाले. पहिल्या पायरीवरचं घर वर्षभरात साधारण ४.४ युनिट वापरतं. तेवढी तुमच्याकडे दुपारच्या जेवणापर्यंत संपते. कोणी कोटींचे आकडे सांगितले की आधी पायरी कोणती ते विचारावं.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाला शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर ६० घरांना सौर दिव्यांचे संच द्यायचे आहेत. विक्रेते ‘३ बल्ब, १ पंखा, ४० वॅट पॅनल’ असं कोटेशन देतात. काय बघून घ्यावं? (ऐरोली)

संच बघण्याआधी महावितरणच्या शाखा कार्यालयात जाऊन पाड्यावर लाइन मंजूर आहे का, ते विचारा. वर्षभरात तार येणार असेल तर साठ मोठे संच घेण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात वीज गेल्यावर कामी येतील असे चांगले कंदील पुरेत.

लाइन येणार नसेल तर हिशेब गरजेपासून सुरू करा, पॅनलपासून नको. ५ वॅटचे तीन बल्ब पाच तास म्हणजे ७५ वॅट-तास. दोन मोबाइलचे २०. १२ वॅटचा डीसी पंखा सहा तास, ७२. एकूण १६७. आता ऊन. मार्च-एप्रिलमध्ये या पट्ट्यात पूर्ण ताकदीचं ऊन सहा तासांच्या आसपास मिळतं, पण संच जुलै-ऑगस्टसाठी निवडायचा असतो आणि तेव्हा तीन तासांपेक्षा जास्त धरू नये. पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग आवरतो तो कंट्रोलर. त्यातल्या साध्या, पीडब्ल्यूएम प्रकारावर १०० वॅटच्या पॅनलमधून हातात सुमारे ७० वॅट पडतात, म्हणजे पावसाळी दिवसाला २१० वॅट-तास. वायर आणि बॅटरीतली गळती धरली की १६७ ची गरज जेमतेम भागते. ४० वॅटचं पॅनल या दिवसांत निम्म्यावरही जाणार नाही. कोटेशनमधला पंखा तिथेच गळतो, आणि मंडळाच्या नावाने ओरड सुरू होते.

बॅटरी १२.८ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. तिच्यात ५१२ वॅट-तास मावतात. ८० टक्केच वापरायचे ठरवले तर ४१० मिळतात आणि दोन सलग ढगाळ रात्री निघतात. कंट्रोलर लिथियमच्या सेटिंगवर ठेवला आहे ना, ते स्वतः पाहा. शिसे-आम्ल बॅटरीच्या सेटिंगवर तो अधूनमधून दाब १४.६ व्होल्टच्या वर नेतो, बॅटरीतलं संरक्षक सर्किट सगळं तोडतं आणि बाई म्हणतात, ‘नवा दिवा बिघडला.’ शिसे-आम्ल बॅटरी स्वस्त पडते खरी, पण ती रोज तळापर्यंत उपसली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत ती निकामी होते.

वायरवर कोणी लक्ष देत नाही. झाडाची सावली टाळायला पॅनल घरापासून १५ मीटरवर खांबावर लावलं, असं धरू. जाऊन-येऊन वायर ३० मीटर. १ चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध सुमारे ०.५४ ओहम, पॅनलचा प्रवाह ५.५ अँपिअर, म्हणजे वायरीतच ३ व्होल्ट गेले. पॅनलवर १८ व्होल्ट, कंट्रोलरशी १५. बॅटरी भरत आली की तिला १४.४ लागतात. पॅनल तापलं की त्याचा स्वतःचा दाबही उतरतो आणि चार्जिंग अडतं. तीच वायर ४ चौरस मिलीमीटरची घेतली तर तूट पाऊण व्होल्टवर येते. कोटेशनमध्ये वायरची जाडी लिहून घ्याच.

सावलीचं तर विचारूच नका. पाहणी बहुतेक एप्रिलमध्ये होते. तेव्हा साग बोडका असतो आणि जागा लख्ख उन्हात दिसते. जूननंतर त्याच सागाला सुपाएवढी पानं येतात. १२ व्होल्टच्या पॅनलमध्ये ३६ सेल एका माळेत असतात, दर १८ सेलना एक बायपास डायोड (सावलीतल्या सेलना वगळून प्रवाह पुढे नेणारा भाग). एका कोपऱ्यावर गडद सावली पडली की अर्धं पॅनल बाजूला पडतं. उरलेल्या अर्ध्याचा दाब ९ व्होल्ट, त्यावर १२ व्होल्टची बॅटरी भरतच नाही. म्हणजे पानभर सावलीने अर्धं नुकसान होत नाही, सगळंच जातं. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, १५ ते २० अंश कलवून लावावं. आडवं ठेवलं की चुलीची काजळी, धूळ आणि पाखरांची घाण पावसाने धुऊन जात नाही.

जोडताना क्रम पाळा : आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी दिवे. काढताना उलट. कंट्रोलर बॅटरीवरूनच आपली पातळी ओळखतो. पॅनल आधी जोडलं तर न आवरलेला दाब थेट दिव्यांपर्यंत पोहोचू शकतो.

आणि बॅटरीचे पैसे. एकदा भरून वापरली की बॅटरीचं एक चक्र झालं. २,००० चक्रांची बॅटरी रोज एका चक्राने साधारण साडेपाच वर्षं चालते. बचत गटात घरटी महिना १०० रुपये जमले तर तेवढ्या काळात ६,६०० होतात. आज बॅटरीची किंमत किती ते कोटेशनमधून काढा आणि वर्गणी तिच्यावरून ठरवा. ‘गरिबांना ५० पुरेत’ असं मुंबईत बसून ठरवलेले संच सहाव्या वर्षी पत्र्याखाली पडून असतात. पाड्यावरच्या दोन जणींना मल्टिमीटर वापरायला शिकवा आणि सुटे फ्यूज त्यांच्याकडेच द्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचे ३३० वॅटचे जुने पॅनल काढणार आहोत. पाड्यावर देता येतील का? (घोडबंदर रोड, ठाणे)

जपूनच. हे पॅनल ७२ सेलचे असतात, सुमारे ३७ व्होल्ट आणि ९ अँपिअरचे. ते पीडब्ल्यूएम कंट्रोलरवरून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडले तर प्रवाह ९ अँपिअरच राहतो आणि ३३० पैकी १२० वॅटच्या आसपासच बॅटरीत जातात. जास्तीचा दाब प्रवाहात बदलून घेणारा एमपीपीटी कंट्रोलर हवा, तो महाग. शिवाय पॅनल दोन मीटर लांब, वीस-बावीस किलोचं. कुडाच्या घरावर नको. शाळेला किंवा अंगणवाडीला ठीक. देण्याआधी दुपारी बाराला प्रत्येकाचा खुला दाब (काही न जोडता मिळणारे व्होल्ट) आणि लघुपथ प्रवाह (दोन टोकं थेट जोडल्यावरचे अँपिअर) मोजा. काच तडकलेलं किंवा मागचा पडदा सुटलेलं पॅनल दान म्हणून देऊ नका. ई-कचरा नियम २०२२ मध्ये सौर पॅनलही येतात, ते नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याकडे जाऊ द्या.

प्रश्न : बांगलादेशची सौर घरसंच योजना जगात आदर्श मानली जायची. मग ती मंदावली का? (वाशी, विद्यार्थी)

कारण तार आली, आणि शेजाऱ्याला संच फुकट मिळाला. २००३ मध्ये इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेने जागतिक बँकेच्या मदतीने काम सुरू केलं. संच उधारीवर, हप्ते गावातल्या भागीदार संस्था गोळा करणार, दुरुस्ती त्यांचाच माणूस करणार. ४० लाखांहून अधिक संच बसले. हप्ता घ्यायला येणाराच दुरुस्तीही करायचा, यात योजनेचं खरं बळ होतं. पुढे सरकारी तार अपेक्षेपेक्षा लवकर पोहोचली आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून संच मोफत वाटले जाऊ लागले. एका घराला फुकट, तर शेजारी हप्ता कशाला भरेल? वसुली आटली आणि भागीदार संस्था कर्जात अडकल्या.

हीच भीती मिनीग्रिडला असते. गावापुरतं सौर केंद्र उभारलं आणि तिसऱ्या वर्षी मोठी लाइन आली तर गुंतवणूक बुडते. नायजेरियाने २०१६ च्या मिनीग्रिड नियमांत अशा वेळी परवानाधारकाला भरपाईची तरतूद केली. केनियात वेगळी वाट निघाली. एम-पेसा हे मोबाइल पैशांचं जाळं २००७ पासून होतं, त्यावर एम-कोपासारख्या कंपन्यांनी रोजच्या हप्त्यावर संच दिले. हप्ता भरला की मोबाइलवरून संच चालू, थकला की बंद. वसुली सोपी झाली, पण शेतीचा हंगाम बुडाला की अंधारही लगेच येतो, हे विसरू नये.

प्रश्न : परिषदांत अब्जावधी डॉलर जाहीर होतात. ते जातात कुठे? (खारघर)

जाहीर झालेला पैसा बहुतेक कर्जाचा असतो, तोही टप्प्याटप्प्याने मिळणारा. ‘मिशन ३००’ घ्या : २०३० पर्यंत आफ्रिकेतल्या ३० कोटी लोकांना वीज, त्यात २५ कोटी जागतिक बँकेकडे आणि ५ कोटी आफ्रिकी विकास बँकेकडे. जानेवारी २०२५ मध्ये दार-ए-सलामला १२ देशांनी आपले आराखडे मांडले. आता बरेच कार्यक्रम ‘आधी जोडणी, तपासणी, मग पैसे’ या पद्धतीने चालतात. फसवणूक कमी होते, पण पहिला संच घ्यायला भांडवल नसलेला छोटा स्थानिक उद्योजक त्यातून बाहेर फेकला जातो.

खरी अडचण चलनाची आहे. पॅनलचं कर्ज डॉलरमध्ये, ग्राहकाचा हप्ता स्थानिक नोटांत. जून २०२३ मध्ये नायजेरियाने नायराचा दर मोकळा सोडला आणि वर्षभरात डॉलर दुपटीहून महाग झाला. ज्याचे करार नायरात होते त्याचा हिशेब कोलमडला. आंतरराष्ट्रीय सौर आघाडीबद्दलही अनेकांनी विचारलं. २०१५ च्या पॅरिस परिषदेत भारत आणि फ्रान्सने ती जाहीर केली, मुख्यालय गुरुग्रामला आहे. ती बँक नाही. प्रशिक्षण, निविदांची पूर्वतयारी, जोखमीची हमी असं तिचं काम आहे.

प्रश्न : धूर कमी करणाऱ्या सुधारित चुली कित्येक वर्षं वाटल्या जातात, तरी चूल हटत नाही. इंडक्शन हाच उपाय ना? (कळवा)

जगात अजून सुमारे २१० कोटी लोक लाकूड, शेण, कोळसा असल्या इंधनावर रांधतात. घरातल्या या धुराने २०२० मध्ये ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सुधारित चुलीची चाचणी प्रयोगशाळेत सुक्या, सारख्या तुकड्यांवर होते; घरी ओली काटकी आणि मोठं पातेलं असतं. शिवाय धूर निम्मा झाला म्हणून आजार निम्मा होत नाही. तो फार खाली यावा लागतो, म्हणून लाकडाच्या चुलीवर सुधारणा करत बसण्यापेक्षा गॅस आणि वीज बरी.

इंडक्शनची अडचण मात्र वायरिंगमध्ये आहे. २,००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर खेचते. दिव्यांसाठी ओढलेल्या १ चौरस मिलीमीटरच्या वायरीवर आणि ६ अँपिअरच्या पिनवर ती चालवली की सॉकेट वितळतं. १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ चौरस मिलीमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर आणि अर्थिंग हवं. संध्याकाळी दाब फार घसरला की बहुतेक शेगड्या आपणहून बंद पडतात, नेमक्या स्वयंपाकाच्या वेळी. भांडं चालेल का ते लोहचुंबकाने पाहा : तळाला घट्ट चिकटला तर चालेल. ॲल्युमिनियमचं साधं पातेलं चालत नाही, आणि पाड्यावर भांडी बहुतेक तीच.

भाकरीचं वेगळंच. इंडक्शनच्या सपाट तव्यावर ती भाजते, पण निखाऱ्याशी उभी धरून टम्म फुगवता येत नाही. म्हणून उज्ज्वलाचा सिलिंडर आलेल्या घरांतही डाळ-भात गॅसवर आणि भाकरीला चूल पेटलेली दिसते. गॅसवाल्या घराला जाळीचं भाजणं द्या. भाकरी तव्यावर दोन्हीकडून शेकून झाली की जाळीवर थेट आचेला धरली तर फुगते. सिलिंडर पुन्हा भरायला पैसे हाताशी असतील तरच हे जमतं, आणि अर्थात भाकरी पातळ थापलेली असली तरच.