सोलोतला वेग: डाव्या हाताविषयी वाचकांचे प्रश्न

सांगली आणि सातारा भागातल्या गिटारवादकांच्या पत्रांना या अंकात उत्तरं दिली आहेत. उजव्या हाताने पिक (तार छेडायची छोटी चकती) धरणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी हात उलटे समजावेत.

प्रश्न: दोन वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आहे. मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ९० ठोक्यांवर ठेवून चौपट (ठोक्याला चार सूर) स्वच्छ वाजते, १०० ला बोटं अडखळतात. रोज दोन-दोनने वाढवत जातो, तरी गाडी तिथेच थांबते. बोटांत ताकद कमी पडते का? स्प्रिंगचं यंत्र घेऊ का?
(विश्रामबाग, सांगली)

यंत्र घेऊ नका. ९० च्या चौपटीत सेकंदाला ६ सूर वाजतात, १०० ला पावणेसातच्या आत. एवढ्याशा फरकाला जास्त ताकद लागत नाही. हात अडतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी: तार गरजेपेक्षा जोरात दाबली जाते, आणि उचललेलं बोट तारेपासून फार लांब जातं.

आधी दाब तपासा. तिसऱ्या तारेवर (सगळ्यांत बारीक तार पहिली, सगळ्यांत जाड सहावी) पाचव्या फ्रेटच्या (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्यांपैकी पाचव्या पट्टीच्या) जागी बोट नुसतं टेकवा आणि पिक मारत राहा. सुरुवातीला ठप्प आवाज येईल. दाब अगदी हळू वाढवा. मध्ये खरखर येईल आणि एका क्षणी सूर स्वच्छ होईल. तेवढाच दाब पुरतो, त्यापुढचा सगळा वाया. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, तिच्या अलीकडे पडलं पाहिजे. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबलं तर त्याच सुरासाठी जास्त जोर लावावा लागतो आणि हात घट्ट होतो. चारही बोटांनी ही तपासणी करा. करंगळीचा दाब सगळ्यांत जास्त निघण्याची शक्यता आहे, कारण तिच्यावर आपला विश्वास नसतो.

मग मोबाइलवर स्लो मोशनमध्ये डाव्या हाताचं चित्रण करा. अनामिका तारेवर पडताना करंगळी ताठ होऊन वर जाते का, ते बघा. बोटं सरळ करणाऱ्या स्नायूंच्या कंडरा हाताच्या पाठीवर एकमेकींना जोडलेल्या असतात. म्हणून अनामिका एकटी उचलणं कुणालाच सोपं जात नाही. ही जोडणी रियाजाने तुटत नाही, पण अनावश्यक उचल कमी करता येते. रिकामी बोटं तारेपासून एक सेंटिमीटरच्या आत राहिली की पुरे.

त्यासाठी व्यायाम असा: तिसऱ्या तारेवर ५-६-७-८ या फ्रेटवर चारही बोटं ठेवा. मेट्रोनोम ५० वर. आता फक्त पहिलं बोट (तर्जनी) दुसऱ्या तारेवर ५ ला न्या, बाकी तीन जुन्या तारेवरच. पुढच्या ठोक्याला दुसरं बोट, मग तिसरं, मग चौथं. असंच सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत जा आणि परत या. पाच मिनिटं पुरे. इथे वेग वाढवायचाच नाही. फ्रेट लांब वाटत असतील तर नवव्या फ्रेटपासून सुरू करा.

आता दोन-दोनने वाढवण्याविषयी. संथ वाजवताना बोटांना वेळ भरपूर असतो, त्यामुळे मोठी हालचालही खपून जाते. तीच हालचाल घेऊन तुम्ही १०० पर्यंत चढता आणि तिथे ती मावत नाही. म्हणून छोट्या तुकड्यांत वेगाने वाजवा. मेट्रोनोम ११० वर ठेवा. एका मात्रेत चार सूर, पुढच्या मात्रेवर पाचवा सूर आणि तिथेच थांबा. दोन मात्रा हात पूर्ण सैल सोडा, मग पुन्हा. पाच सूर सलग दहा वेळा स्वच्छ आले की नऊ सूर घ्या, मग तेरा. तुकडा वाढवला की मेट्रोनोम थोडा उतरवला तरी चालेल.

एक तपासणी मात्र राहून जाते आणि त्यात महिने जातात. अडखळतो तो डावाच हात आहे, हे कशावरून? मोकळ्या तिसऱ्या तारेवर उजव्या हाताने ११० ची चौपट वाजवून पाहा. तीही अडत असेल, तर डाव्या हाताचे व्यायाम करून काही साधणार नाही. आधी पिक तारेत किती खोल जातं ते बघा. टोकाचा एखाद-दोन मिलिमीटर भाग पुरतो.

प्रश्न: मी आधी हार्मोनियम शिकले आहे. अलंकार आणि पलटे पाठ आहेत. ते गिटारवर वाजवून वेग येईल का, की पाश्चात्त्य स्केलचे व्यायामच करावे लागतील?
(कराड)

जरूर वाजवा. तुमच्याकडे असलेला साठा अनेक गिटारवाल्यांना पुस्तकांत शोधावा लागतो. फक्त ते एका तारेला तीन सूर या बैठकीत बसवा. सहाव्या तारेवरच्या ८ व्या फ्रेटला, म्हणजे सी ला, सा माना. सहावी तार ८-१०-१२, पाचवी ८-१०-१२, चौथी ९-१०-१२, तिसरी ९-१०-१२, दुसरी १०-१२-१३, पहिली १०-१२-१३. असे अठरा सूर झाले. वरच्या दोन जाड तारांवर तर्जनी, मधलं बोट, करंगळी. चौथी-तिसरीवरही तीच बोटं. शेवटच्या दोन तारांवर तर्जनी, अनामिका, करंगळी.

हीच बैठक बऱ्याच ठिकाणी तिसऱ्या फ्रेटपासून शिकवतात. तिथे सुरुवात करू नका. साडेपंचवीस इंची स्केलच्या गिटारवर तिसऱ्या ते सातव्या फ्रेटचं अंतर सव्वाअकरा सेंटिमीटरच्या आसपास भरतं, आठव्या ते बाराव्याचं साडेआठच्या आत. ताण सहन करायचा की वेग शिकायचा, हे एकाच वेळी होत नाही.

‘सारेगम, रेगमप, गमपध’ हा पलटा इथे विशेष उपयोगी आहे. बैठक तीन-तीनची आणि पलटा चार-चारचा, त्यामुळे तार बदलण्याची जागा दर गटात सरकते. ‘सारेगम’मध्ये तीन सुरांनंतर, ‘रेगमप’मध्ये दोननंतर, ‘गमपध’मध्ये एकानंतर. शिवाय ‘सारेगम’ संपवून रे कडे आणि ‘रेगमप’ संपवून ग कडे येताना मागच्या तारेवर परतावं लागतं. ‘गमपध’ नंतर म कडे येताना मात्र तार तीच राहते. तिथे हात मोकळा होतो आणि लय पुढे पळते. त्या म वर कान ठेवा.

मेट्रोनोमऐवजी तबल्याच्या ॲपवर तीनताल ६० च्या लयीत लावला तरी उत्तम. दुगुन, तिगुन, चौगुन (मात्रेला दोन, तीन, चार सूर) क्रमाने घ्या. तिगुन टाळू नका. या बैठकीत सरळ आरोह तिगुनीत घेतला की प्रत्येक मात्रेला नवी तार येते, त्यामुळे करंगळीवरून तर्जनीवर जाण्याची उडी ठोक्याशी पडताळता येते.

प्रश्न: हॅमर-ऑन (पिक न मारता बोट तारेवर आपटून काढलेला सूर) आणि पुल-ऑफचा (बोट तारेवरून ओढून काढलेला सूर) आवाज पिकच्या सुरापेक्षा फार बारीक येतो. डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावलं की बरं वाटतं.
(मिरज)

रियाजाला डिस्टॉर्शन बंद ठेवा. ते लहान-मोठा आवाज सारखा करतं आणि दोष ऐकूच येत नाही.

हॅमर-ऑनला जोर नको, बोट चटकन पडायला हवं, तेही फ्रेटच्या पट्टीला लागून. पुल-ऑफला बोट सरळ वर उचललं तर तार छेडलीच जात नाही. बोटाच्या टोकाने तार किंचित जमिनीच्या दिशेने ओढून सोडायची. त्या वेळी खालच्या सुराचं बोट घट्ट बसलेलं हवं. ते ढिलं असेल तर सगळी तारच खाली ओढली जाते आणि सूर चढतो. ओढलेलं बोट शेजारच्या बारीक तारेला लागून ती वाजत असेल, तर तर्जनीचं पोट त्या तारेवर हलकं टेकवून ती बंद ठेवा. जाड तारा उजव्या तळहाताच्या कडेने बंद होतात.

चार बोटांच्या जोड्या सहा होतात: १-२, १-३, १-४, २-३, २-४, ३-४. प्रत्येक जोडीने तिसऱ्या तारेवर वीस सेकंद एकाआड एक सूर वाजवा, वीस सेकंद विश्रांती घ्या. चार मिनिटांत फेरी होते. ३-४ ही जोडी मागे राहणारच. तिला जास्त वेळ देण्यापेक्षा दिवसातून दोनदा द्या.

प्रश्न: रोज किती वेळ रियाज हवा?
(कोरेगाव)

वेगाच्या व्यायामाला पंधरा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. उरलेला वेळ प्रत्यक्ष सोलोला द्या.

प्रश्न: जुनी अकूस्टिक गिटार घेतली आहे. बाराव्या फ्रेटवर तारा खूप उंच आहेत. अशा गिटारवर सोलो बसेल का? आणि मिरजेत सतार बनवणाऱ्यांकडे दुरुस्त करून मिळेल का?
(सातारा)

आधी मोजा. स्टीलची पट्टी बाराव्या फ्रेटच्या धातूवर उभी धरा आणि तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर बघा. अकूस्टिकला सहावी तार अडीच मिलिमीटर, पहिली दोनच्या आसपास असली की हात चालतो. इलेक्ट्रिकला दोन आणि दीड. चार मिलिमीटर भरत असेल, तर व्यायाम बाजूला ठेवा आणि गिटार नीट करून घ्या. अशा गिटारवर जास्त दाबण्याची सवय लागते आणि ती नंतर सहज मोडत नाही.

उंचीची कारणं वेगवेगळी असतात. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्याजवळची फट बघा. पाव मिलिमीटर ठीक. बरीच जास्त असेल तर नेक (गिटारची मान) पुढे वाकली आहे. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने फिरवला की ती सरळ होते, पण एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. जड लागला तर थांबा. नेक सरळ असूनही तारा उंच असतील, तर ब्रिजवरची (तारा जिथे पेटीला टेकतात तिथली) हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी खालून घासावी लागते. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर उतरवायला ती एक मिलिमीटर घासतात. महाबळेश्वर, पाटणच्या पावसात लाकूड ओल धरतं, ब्रिजमागची पाटी फुगते आणि तारा चढतात. पावसाळ्यात घेतलेल्या मापावर पट्टी घासून टाकू नका, हिवाळ्यात तारा फ्रेटवर खरखरतील.

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी काढणाऱ्या (सतारीच्या घोडीचा माथा घासून सूर जुळवणाऱ्या) हाताला हाडाची पट्टी घासणं नवं नाही, त्यामुळे नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि ब्रिजची पट्टी एवढं काम माप लिहून देऊन विचारायला हरकत नाही. ट्रस रॉड आणि फ्रेट समतल करणं मात्र गिटारच्या कारागिराकडेच.

तारा १२ गेजच्या (जाडीच्या) असतील तर ११ किंवा १० लावा. ताण कमी झाल्यावर नेक थोडी मागे जाते, म्हणून खरखर आल्यास ट्रस रॉड किंचित ढिला करावा लागतो.

प्रश्न: गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात तीन-तीन तास उभं राहून लीड वाजवतो. घरी बसून येणाऱ्या जागा उभं राहिल्यावर येत नाहीत. रात्री अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होतात.
(तासगाव)

पट्टा लांब असेल तर गिटार खाली जाते आणि मनगट आत मोडतं. बसून मांडीवर गिटार जिथे राहते, त्याच उंचीवर पट्टा बांधा आणि घरीही उभं राहूनच रियाज करा. वेगाच्या जागांना अंगठा नेकच्या पाठीमागे, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या समोर. बेंडला (तार ओढून सूर चढवताना) तो वर आला तरी चालेल, पण बेंड झाल्यावर परत खाली.

बधिरपणा मात्र रियाजाने जात नाही. अंगठा आणि पहिली दोन बोटं रात्री बधिर होणं हे मनगटात दबणाऱ्या नसेचं नेहमीचं लक्षण आहे. अनामिका आणि करंगळी बधिर होत असतील, तर कोपराजवळची नस तपासतात. उत्सव संपायची वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर दर गाण्यानंतर हात खाली सोडा, दुसऱ्या गिटारवाल्याबरोबर सोलो वाटून घ्या आणि झोपताना मनगट दुमडलेलं राहणार नाही हे पाहा.