हेडफोन अँपचा उजवा चॅनल बंद, आयसी बदलली तरी तसंच. आता काय बघू?

भावा, तुझा प्रश्न मला कळला तो असा: ऑनलाइन मागवलेला छोटा हेडफोन अँप, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा, आत सॉकेटमध्ये एनई५५३२ आयसी, डावीकडं खणखणीत वाजतंय आणि उजवीकडं एकदम शांत, आयसी नवी घालून झाली तरी फरक नाही, आणि शेजारी मागांची खटखट दिवसभर चालू असल्यामुळं हेडफोनशिवाय तुझं भागत नाही. मीपण सोलापूरचाच, पूर्व भागात बरीच वर्षं राहिलोय, त्यामुळं ती खटखट मला चांगली माहितीय.

आता आणखी एक आयसी आणायला जाऊ नको. एनई५५३२ च्या एकाच डबीत दोन अँप असतात, एक डाव्याला एक उजव्याला, आणि दोघांना सप्लाय एकच. डावा वाजतोय म्हणजे अडॅप्टर ठीक, सप्लायचा फिल्टर ठीक, निम्मी भानगड तिथंच मिटली. अर्धी आयसी मेलेली असू शकते, नाही असं नाही, पण मी आजवर जे छोटे अँप उघडले त्यात जॅक, व्हॉल्यूम आणि ड्राय सोल्डर (वरून ठीक दिसणारा पण आतून सुटलेला सोल्डरचा जोड) यांचाच नंबर आधी लागलाय. आणि तुझ्याकडं एक गोष्ट अशी आहे जी मेकॅनिकलासुद्धा नेहमी मिळत नाही, ती म्हणजे त्याच बोर्डावर चालू असलेलं तेच सर्किट. सर्किट डायग्राम नसला तरी चालतंय, डावीकडं जे व्होल्टेज, जो रेझिस्टन्स मिळतो तोच उजवीकडं मिळाला पाहिजे, जिथं फरक दिसला तिथं थांबायचं.

बोर्ड उघडायच्या आधी फुकटातलं बघून घे. दुसरा हेडफोन लावून बघ. मग मोबाईलच्या सेटिंगमध्ये ऑडिओ बॅलन्स नावाची पट्टी असते ती मधोमध आहे का बघ, हसू नको, चुकून एका बाजूला सरकलेली असते आणि माणूस अँप उघडून बसतो. तिसरं म्हणजे इनपुटची वायर. साडेतीन एमएमच्या पिनेवर टोकाला डावा, मधल्या रिंगला उजवा आणि मागं ग्राउंड असतं. तिथं मोनो म्हणजे एकाच चॅनलची पीन घातली की तिचा लांब मागचा भाग जॅकमधल्या रिंगच्या पत्तीला टेकतो आणि उजवा चॅनल सरळ ग्राउंडला शॉर्ट होतो, डावा मात्र मजेत चालू. उजवाच नेमका गेला असेल तर ही शंका घ्यायचीच. पिनेवर काळ्या रेघा किती आहेत मोज, एकच असेल तर ती मोनो, बदलून टाक.

एवढं करून काही झालं नाही तर मग स्क्रू काढ. तुझा अँप अडॅप्टरवर आहे म्हणून सांगतोय, ज्यांच्यात आत ट्रान्सफॉर्मर असतो आणि २३० व्होल्ट बोर्डापर्यंत येतं त्यांनी माझं वाचून चालू अँपमध्ये हात घालू नये.

पहिली टेस्ट मला सगळ्यात जास्त आवडते कारण तिच्यात मीटरपण लागत नाही. व्हॉल्यूम कंट्रोल डबल असतो, तीन-तीन पायांच्या दोन ओळी, प्रत्येक ओळीतला मधला पाय म्हणजे तिथून सिग्नल आयसीकडं जातो. गाणं हळू आवाजात लाव, हेडफोन कानावर न ठेवता गळ्यात ठेव, आणि वायरच्या एका तुकड्यानं दोन्ही मधले पाय एकमेकांना टेकव. उजवीकडं आवाज सुरू झाला तर आयसी आणि पुढचं सगळं चांगलं, दोष व्हॉल्यूममध्ये नाहीतर इनपुट जॅकमध्ये. आवाज आला नाही पण डावा तसाच वाजत राहिला, तर दोष पुढं, आयसीपासून हेडफोनच्या जॅकपर्यंत. आणि वायर टेकवल्या टेकवल्या डावापण गप्प झाला तर उजवीकडचा सिग्नल कुठंतरी ग्राउंडला शॉर्ट आहे, सोल्डरचा थेंब सांडलाय का ते बघायचं. एका वायरीत अर्धं सर्किट बाद होतंय बघ. फक्त हे इनपुटच्या बाजूलाच करायचं, आउटपुटचे दोन चॅनल एकमेकांना कधी जोडू नको, आयसीचे दोन्ही अर्धे भाग एकमेकांशी भांडत बसतील आणि तापतील.

दोष व्हॉल्यूमकडं निघाला तर आपल्या भागात मला त्याचं नवल वाटणार नाही. माग चालतात तिथं कापसाची बारीक तुसं हवेत असतातच, टॉवेलच्या कारखान्याच्या मागं राहणाऱ्या एकाचा अँप मी उघडला तर व्हॉल्यूमच्या पत्र्याच्या फटीत राखाडी नमदा बसलेला, नखानं ओढला तर सलग निघाला. आत कार्बनच्या पट्टीवर पत्ती घासत फिरते, मध्ये तूस आणि तेलकट धूळ आली की आधी खरखर आणि मग एक बाजू जाते. अँप बंद करून फटीतून कॉन्टॅक्ट क्लिनर थोडा मार आणि व्हॉल्यूम या टोकापासून त्या टोकापर्यंत पुष्कळ वेळा फिरव, वाळू दे, मग चालू कर. दारं करकरतात म्हणून मारतो तो तेलकट स्प्रे मारू नको, आज चालेल पण त्यावर पुढच्या महिन्यात दुप्पट धूळ बसेल. तरीही नाही आलं तर बंद अँपवर मीटर ओहमला लावून मधला पाय आणि कडेचा पाय मोज, डावीकडं नॉब फिरवताना आकडा हळूहळू सरकतो तसा उजवीकडं सरकला पाहिजे.

व्हॉल्यूम आणि दोन्ही जॅकचे पाय खालच्या बाजूनं बघणं तर सक्तीचं. नुसतं वरून बघून नाही दिसत, टॉर्च आडवा धर आणि भिंग घे, ड्राय सोल्डर असेल तर पायाभोवती केसाएवढी गोल काळी रेघ दिसते. दिसते म्हणजे कधीकधी दिसतच नाही, मग लाकडी काडीनं पाय हळू ढकलायचा आणि ऐकायचं. पीन रोज घालायची-काढायची, सगळा जोर त्या सोल्डरवरच येतो. अशा जागी नुसतं तापवू नको, थोडं नवीन सोल्डर दे म्हणजे त्यातला फ्लक्स (जोड साफ करणारा राळेसारखा पदार्थ) मिळतो आणि ते नीट पसरतं.

आता दोष पुढं निघाला तर. आयसी बदललीयस म्हणून सगळ्यात आधी ती परत काढ आणि तिचे पाय बघ. नव्या आयसीचे पाय थोडे फाकलेले असतात, सॉकेटमध्ये दाबताना एखादा पाय आत न जाता पोटाखाली दुमडतो आणि वरून सगळं एकदम व्यवस्थित दिसतं. उजव्याचे बहुतेक ५, ६, ७ नंबर असतील, पण बोर्डावर खात्री कर.

पाय ठीक असतील तर डीसी व्होल्टेज. मीटरची काळी पीन ग्राउंडला. ४ नंबरला शून्य, ८ नंबरला १२ च्या आसपास. असे एका सप्लायवरचे अँप अर्ध्या व्होल्टेजवर बसवलेले असतात, म्हणून १ आणि ७ नंबरला साधारण ६ व्होल्ट पाहिजे. ३ आणि ५ वरपण तेवढंच, स्वस्त मीटर तिथं थोडं कमी दाखवतं, चालेल, दोन्हीकडं सारखं कमी असलं म्हणजे झालं. ५ वर काहीच नाही तर त्याला सहा व्होल्ट देणारा रेझिस्टर तुटलाय. ५ बरोबर आणि ७ मात्र १०-११ व्होल्टवर चिकटलाय तर ७ आणि ६ मधला फीडबॅकचा, म्हणजे आउटपुट परत इनपुटकडं नेणारा रेझिस्टर बघ, किंवा ६ कडून ग्राउंडला जाणाऱ्या रेझिस्टरच्या पुढचा कंडेन्सर शॉर्ट आहे का बघ. मोजताना पीन शक्यतो आयसीच्या पायावर न लावता त्याच लाइनीतल्या रेझिस्टरच्या पायाला लाव, ७ आणि ८ शेजारी शेजारी आहेत, टोक घसरलं की आउटपुट थेट सप्लायला.

व्होल्टेज सगळं डाव्यासारखंच आलं तर आयसीला नमस्कार कर, ती चांगली आहे. मग राहतो आउटपुटचा कंडेन्सर, त्याच्या पुढचा छोटा रेझिस्टर आणि जॅक. २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३२ ओहमच्या हेडफोनला साधारण २३ हर्ट्झपर्यंत उतरू देतो, तोच वाळून १० मायक्रोफॅरडवर आला तर ५०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळतं आणि आवाज पत्र्याचा येतो, पूर्ण तुटला तर काहीच नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद डबीत हे कंडेन्सर लवकर जातात. अँप बंद करून त्यावर तसाच चांगला कंडेन्सर समांतर लाव, प्लस आयसीकडं, मग चालू कर, आवाज आला तर जुना बदल.

कुठं सिग्नल तुटतो ते ऐकायचंच असेल तर स्वस्त पिवळ्या मीटरच्या एसीच्या नादाला लागू नको, त्यात खालची रेंज २०० व्होल्टची असते, त्यात गाणं काय दिसणार. त्यापेक्षा कॉम्प्युटरचे जुने स्पीकर घे, त्यांच्या इनपुट वायरीच्या टोकाला १०४ लिहिलेला कंडेन्सर लाव, ग्राउंड ग्राउंडला जोड आणि त्या कंडेन्सरच्या पायानं व्हॉल्यूमपासून आउटपुटपर्यंत एकेक जागा टेकवत जा.

एवढं करूनही अडलास तर १, ३, ५, ७ आणि ८ चं व्होल्टेज आणि बोर्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो इथं टाक, खालची बाजू उजेडात काढ म्हणजे प्रिंट, बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा, दिसतील. संध्याकाळी बघतो.