राजीनाम्याची तारीख आणि व्हिसाची तारीख

«मी दोन वर्षांपासून इंग्लंडमधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. स्किल्ड वर्कर व्हिसा आहे. नवरा आणि मुलगा डिपेंडंट म्हणून आले आहेत. विभागप्रमुख बदलल्यापासून शाळेत जीव रमत नाही. दर आठवड्याला कुणीतरी वर्गात मागे बसून टिपणं काढतं, आणि काही बोलायला गेलं की ‘तुमचा व्हिसा आमच्याकडे आहे’ असं ऐकवलं जातं. या शुक्रवारी राजीनामा देऊन टाकायचं ठरवलंय. मैत्रीण म्हणते, नोकरी सोडल्यावर ६० दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी शाळा मिळून जाईल. हे बरोबर आहे का?»

ताई, शुक्रवारी राजीनामा देऊ नका.

ही शाळा सोडू नका असं मी म्हणत नाही. तुमचं पत्र वाचून, तुम्ही ती सोडायलाच हवी असं माझंही मत झालं आहे. पण आधी दुसऱ्या शाळेची ऑफर कागदावर येऊ द्या, मग राजीनामा. हा क्रम उलटा झाला की तीन माणसांचं घर एका पत्राच्या भरवशावर राहतं.

पहिल्यांदा त्या वाक्याचं बघू, कारण मला वाटतं तुमची निम्मी घालमेल त्यानंच झाली आहे. तुमचा व्हिसा शाळेकडे नाही. तो होम ऑफिसनं, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्यानं, तुमच्या नावानं दिलेला आहे. शाळेकडे आहे ते स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणसाला व्हिसावर नोकरी देण्याचा परवाना. ते इतर असंख्य शाळांकडेही असतं, आणि कुणाकडे आहे याची यादी सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. तुमची शाळा एखाद्या मल्टी अकॅडमी ट्रस्टची (अनेक शाळा चालवणाऱ्या संस्थेची) किंवा लोकल अथॉरिटीची (स्थानिक प्रशासनाची) असेल तर लायसन्स त्यांच्या नावावर असू शकतं. म्हणून नवी शाळा शोधतानाही शाळेचं नाव यादीत दिसलं नाही तर लगेच निराश होऊ नका, ट्रस्टचं नाव शोधा. शाळा बदलायला जुन्या शाळेचं ना-हरकत पत्र लागत नाही. दुसरीकडे अर्ज केला म्हणून व्हिसा रद्द होत नाही. तिथल्या शाळा बहुतेक वेळा मुलाखतीच्या आधीच रेफरन्स मागवतात, त्यामुळे हेडटीचरना कळेल हे धरूनच चाला. ‘मी सप्टेंबरसाठी दुसरीकडे अर्ज करतेय, रेफरन्सला तुमचं नाव दिलंय’ एवढं त्यांना आपणहून जाऊन सांगा. तिथे हे कुणाला वावगं वाटत नाही. आपल्यालाच ते फितुरीसारखं वाटत राहतं.

आता ६० दिवसांबद्दल. मैत्रिणीनं सांगितलेलं खोटं नाही, पण अर्धवट आहे. नोकरी संपली की शाळेला १० कामकाजाच्या दिवसांत होम ऑफिसला कळवावं लागतं. मग होम ऑफिस तुमच्या व्हिसाची मुदत कमी करतं, साधारणपणे ६० दिवसांवर आणतं. मूळ व्हिसात त्याहून कमी दिवस उरले असतील तर तेवढेच. या दिवसांत फक्त नोकरी मिळून भागत नाही. जाहिरात, मुलाखत, नव्या शाळेचं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (शाळा तुम्हाला स्पॉन्सर करतेय याचा दाखला) आणि तुमचा नवा अर्ज, सगळं त्यातच बसवायचं असतं. तुमच्या व्हिसावर नवऱ्याचा आणि मुलाचा व्हिसा उभा आहे, म्हणजे टांगती तलवार तिघांवर. शिवाय शाळांची भरती बाराही महिने सारखी चालत नाही. सप्टेंबरच्या जागांच्या जाहिराती मुख्यतः फेब्रुवारी ते मे या काळात निघतात. सत्राच्या मधल्या आठवड्यात राजीनामा देऊन बाहेर पडलेल्या माणसाला त्या वेळी जागाच दिसत नाहीत.

मधल्या आठवड्यात बाहेर पडताही येत नाही, ही आणखी एक गोष्ट. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत शिक्षकांनी कधी सोडायचं हे ठरलेलं आहे. त्या नियमांच्या पुस्तकाला सगळे बर्गंडी बुक म्हणतात. डिसेंबरअखेर सोडायचं तर राजीनामा ३१ ऑक्टोबरपर्यंत, एप्रिलअखेर सोडायचं तर फेब्रुवारीच्या शेवटच्या तारखेपर्यंत, आणि ३१ ऑगस्टला सोडायचं तर ३१ मेपर्यंत द्यावा लागतो. अकॅडमीचे (ट्रस्ट चालवतात त्या सरकारी शाळांचे) किंवा खासगी शाळांचे करार वेगळे असू शकतात, खासगी शाळा बऱ्याचदा पूर्ण एका टर्मची नोटीस मागतात. तेव्हा आज संध्याकाळी तुमचं कॉन्ट्रॅक्ट काढा आणि नोटीसचं कलम स्वतः वाचा. स्टाफरूममध्ये कुणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका.

माझ्या मते तुम्ही ३१ मे हीच तारीख धरावी. त्या तारखेला राजीनामा दिला की जुनी शाळा ३१ ऑगस्टपर्यंत पगार देते, सुट्टीतलाही, आणि नवी नोकरी १ सप्टेंबरला सुरू होते. मध्ये एकही दिवस रिकामा जात नाही. राजीनामा दिल्यानं व्हिसाला काही होत नाही, करार चालू आहे तोवर तोही चालू असतो. नव्या कामाच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून नव्या स्पॉन्सरसाठी अर्ज करता येतो, म्हणजे जूनपासून. देशातून केलेल्या अर्जाचा निर्णय बहुधा आठ आठवड्यांत येतो. अर्ज विचाराधीन असताना जुन्या शाळेत शिकवत राहायला हरकत नसते. नव्या शाळेत मात्र मंजुरी येईपर्यंत एक तासही घ्यायचा नाही, ओळख व्हावी म्हणून पगाराशिवायसुद्धा नाही.

तिथल्या मुलाखतीची पद्धत आपल्या सवयीची नाही, म्हणून ती नीट सांगते. सकाळी शाळा दाखवतात, मग अनोळखी वर्गावर नमुना तास घ्यायला लावतात, दुपारी पॅनेलसमोर बसवतात. शेवटी विचारतात, ‘अजून तुम्ही या जागेसाठी इच्छुक आहात ना?’ आणि त्याच संध्याकाळी फोन येतो. तुम्ही बसस्टॉपवर उभ्या असता, हातात फाईल, आणि पलीकडून हेडटीचर म्हणतात, जागा तुमची, स्वीकारताय का? उत्तर तिथल्या तिथे हवं असतं. स्पॉन्सरशिपचा विषय पहिल्यांदा काढायची ती वेळ नव्हे. अर्जातच लिहा की स्पॉन्सरशिप लागेल. मुलाखतीच्या आधी शाळेच्या ऑफिसला ईमेल करून दोन प्रश्न विचारा: तुमचं लायसन्स चालू आहे का, आणि देशातल्या देशात नोकरी बदलणाऱ्यांसाठी जे ‘अनडिफाइन्ड’ सर्टिफिकेट लागतं ते तुमच्याकडे शिल्लक आहे का. दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. लायसन्स असतं, पण त्या वर्षाची सर्टिफिकेटं संपलेली असतात किंवा मागितलेलीच नसतात, आणि ती मागवण्यात आठवडे जातात. हे सगळं आधी विचारलेलं असलं की त्या फोनवर तुम्ही निर्धास्तपणे हो म्हणू शकता.

आणि ३० मे उजाडला, तोंडी सगळे हो म्हणताहेत, पण लेखी ऑफर आणि सर्टिफिकेटबद्दलचं उत्तर आलेलं नाही, तर? मी तुमच्या जागी असते तर राजीनामा दिला नसता. जीव कितीही कंटाळलेला असला तरी ती नवी जागा जाऊ दिली असती आणि ३१ ऑक्टोबरची तारीख धरली असती. हे लिहिताना मला कळतंय की तुमच्यासाठी चार महिने म्हणजे काय. तरीही.

जुलैच्या तिकिटांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मीच सांगते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानं जूनअखेर अर्ज केला, सुट्टी लागली तसे सगळे भारतात गेले. त्यांना वाटलं, अर्ज ऑनलाइन आहे, आपण कुठे आहोत यानं काय फरक पडतो. निर्णय येण्याआधी ब्रिटन सोडलं की असा अर्ज मागे घेतला असं धरतात. त्यांचाही तसाच धरला गेला. भरलेले पैसे अडकले, आणि सप्टेंबरला वर्ग सुरू झाला तेव्हा त्या ताई इकडेच होत्या. तुम्ही मंजुरी आल्यावरच तिकिटं काढा. फारच घाई असेल तर ५०० पौंड जादा भरून पाच कामकाजाच्या दिवसांत निर्णय मिळण्याची सोय असते. ती महाग आहे, पण सणासुदीला आईवडिलांना भेटायचं असेल तर काही घरांना ती परवडते.

पैशांचंही आधीच बोलून ठेवा. शाळा बदलली की नवा अर्ज, म्हणजे नवी फी आणि इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आकार), जो प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पौंड पडतो. नवऱ्याचे आणि मुलाचे अर्ज मात्र तुमच्याबरोबरच करायला हवेत असं नाही. त्यांचा सध्याचा व्हिसा संपायच्या आत ते केले तरी चालतात, त्यामुळे खर्च दोन हप्त्यांत विभागता येतो. जुन्या शाळेनं ‘लवकर सोडलंत, आमचा खर्च परत करा’ असा कागद पुढे केला तर सही करू नका, आधी युनियनला दाखवा. तुमच्या वतीनं भरलेली व्हिसा फी परत मागण्याचं कलम करारात असू शकतं. पण इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी कर्मचारी स्पॉन्सर करण्याबद्दलचा सरकारी आकार, हा मालकानंच सोसायचा असतो, तो कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. एनईयू किंवा एनएएसयूडब्ल्यूटी या शिक्षकांच्या युनियनच्या तुम्ही अजून सभासद नसाल तर या आठवड्यात व्हा. आधीपासून चालू असलेल्या तक्रारीत युनियन हात घालायला नाखूश असते, म्हणून उशीर नको. आणि वर्गात मागे बसून टिपणं काढणाऱ्यांच्या तारखा एका वहीत लिहीत चला, कोण आलं, काय म्हटलं, तेवढंच.

एक गोष्ट शाळा बदलण्याच्या गडबडीत सुटते. भारतात प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाला इंग्लंडमधल्या सरकारी शाळेत क्यूटीएसशिवाय (तिथल्या पात्र शिक्षकाच्या अधिकृत दर्जाशिवाय) चार वर्षं शिकवता येतं, आणि ही चार वर्षं इंग्लंडमध्ये शिकवलेल्या पहिल्या दिवसापासून मोजतात. नव्या शाळेत गेल्यावर ती नव्यानं सुरू होत नाहीत. तुमची दोन झाली आहेत. २०२३ पासून भारतात पात्र ठरलेल्या गणित, विज्ञान आणि भाषा शिक्षकांना, ११ ते १६ वयोगटासाठी, थेट क्यूटीएससाठी अर्ज करता येतो. तुमचा विषय त्यात बसतो. क्यूटीएस हातात असताना मुलाखतीला गेलात तर तुमचं पारडं जडच राहील.

प्राथमिककडे किंवा विशेष गरजा असलेल्या मुलांकडे वळायचा विचार असेल तर त्या कामांचे व्यवसाय कोड (व्हिसा कोणत्या कामासाठी आहे ते सांगणारे क्रमांक) वेगळे आहेत. तेव्हा त्याच ट्रस्टमध्ये राहूनसुद्धा नवा अर्ज लागतो. आणि एजन्सीवाले ‘आमच्याकडे या, रोज वेगळी शाळा’ म्हणतील, त्या वाटेनं जाऊ नका. तशा बदली कामाला तुमच्या व्हिसाची स्पॉन्सरशिप मिळत नाही.

तुमच्या व्हिसावर नेमकी कोणती तारीख आहे ते पत्रात लिहिलेलं नाही. ती बघा, कॉन्ट्रॅक्टमधलं नोटीसचं कलम बघा, आणि दोन्ही मला कळवा. कागदांचा पेच निघाला तर इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंद असलेल्या सल्लागाराकडेच जा. शुक्रवारी नेहमीसारख्या शाळेत जा, आणि घरी आल्यावर पहिला अर्ज भरायला बसा.