पिल्लू पट्टा ओढतंय? आधी एवढंच करा

कुत्र्याचं ३-४ महिन्यांचं पिल्लू ओढणारच, घाबरू नका. ओढलं की पुढे जायला मिळतं, एवढंच त्याला कळलेलं असतं. म्हणून पट्टा ताणला की जागच्या जागी थांबा. ओरडू नका, मागे खेचू नका. ते वळून बघेल, पट्टा सैल पडेल. त्याच क्षणी "शाब्बास" म्हणा आणि चालू लागा. खाऊ तुमच्या पायाजवळच द्या, हात पुढे करून नको. उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा पुरतो.

सुरुवात घरातच करा. लसी पूर्ण होईपर्यंत भटकी कुत्री फिरतात त्या रस्त्यावर नेऊ नका.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- लांब होत जाणारा रिळाचा पट्टा. ओढलं की दोरी सुटते, म्हणजे ओढण्याचंच बक्षीस! साधा ५-६ फुटी घ्या, सोबत छातीचा हार्नेस.
- तुम्ही थांबता आणि घरातलं दुसरं कुणी ओढू देतं. ही सगळ्यात मोठी चूक. सगळ्यांना बसवून सांगा.
- अर्धा तास शिकवणी. ५ मिनिटं बास.

काटेरी साखळी कुणीही सुचवली तरी घेऊ नका. सुरुवातीला सोसायटीच्या गेटपर्यंतही पोचणार नाही, चालेल. 'हील' (म्हणजे तुमच्या पायाला लागून चालणं) वगैरे नंतर बघू.